निळ्या खडूची फुली

दुधालाही गाव असतं, हे मला मामांनी शिकवलं.

मामा माझ्या नात्यातले नव्हते. आमच्या दूध संघात वयाने मोठ्या कुठल्याही कामगाराला मामाच म्हणत, पण नुसतं ‘मामा’ म्हटलं की सगळे एकाच माणसाकडे बघायचे. ते डॉकवर उभे असायचे. गावोगावच्या दुधाचे कॅन पहाटेपासून ट्रकमधून तिथे उतरायचे आणि पन्नाशीला टेकलेला हा उंच, काटकुळा माणूस एकेका कॅनचं झाकण उचलून नाकाशी न्यायचा. अर्धा श्वास. मग ‘व्हय’ नाहीतर ‘न्हाय’. व्हय म्हटलेला कॅन आत जायचा. न्हाय म्हटलेल्यावर ते खडूने फुली मारायचे आणि तो भिंतीकडेला जायचा, तिथून परत गावी.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची. कोल्हापूरच्या बाहेर, महामार्गाला लागून आमचा तो लहानसा संघ होता. आता नाही. त्या जागी मंगल कार्यालय झालंय. कधी एस.टी.ने त्या बाजूला गेले तर खिडकीची काच सरकवून जुना वास येतो का बघते. येतो तो मसालेभाताचा, आणि मी उगाचच चिडते.

मी तिथे जनसंपर्क अधिकारी होते. पदाला घाबरू नका. मराठी घेऊन एम.ए. झालेली पंचविशीची मुलगी, भूगोल शिकवणाऱ्या मास्तरांची लेक. चेअरमनांची भाषणं लिहायची, वार्षिक अहवालात म्हशींचे फोटो सरळ लागलेत का बघायचं आणि प्रेसनोट काढायच्या, एवढंच काम. लेटरहेडवर तीन कार्बन घालून मजकूर टाइप करायचा आणि संघाच्या मोपेडवरून शहरात जाऊन एकेका वर्तमानपत्राच्या कचेरीत देऊन यायचा. खाली सही चेअरमनांची. माझं नाव कुठेच नसायचं, आणि त्याचं मला तेव्हा वाईट वाटायचं.

माझी खोली डॉक आणि बॉयलर यांच्या मधे होती. सकाळी सहाची जीप चुकली तर दुसरं वाहन नव्हतं, त्यामुळे फार लवकर पोचायचे, आठ वाजेपर्यंत काम नसायचं आणि झोप मात्र भरपूर असायची. टेबलावर डोकं टेकून मी खिडकीतून डॉक बघत राहायचे. थंडीच्या दिवसांत बॉयलरची वाफ आणि बाहेरचं धुकं एकमेकांत मिसळून जायचं, दिव्यांभोवती दुधाळ कडी तयार व्हायची, कॅनवर कॅन आदळल्याचा आवाज लांबच्या देवळातल्या घंटेसारखा यायचा. त्या सगळ्यात मामांचा हात तेवढा स्पष्ट दिसायचा. वर, नाकाशी, खाली. मधेच डोळा लागायचा, उघडला की हात तिथेच असायचा. सुख म्हणजे काय असं मला कुणी आज विचारलं तर मी तो हात सांगेन.

मामा शाहूवाडीकडच्या डोंगरातले. बायको-मुलं गावाकडे, ते संघाच्या खोलीत राहायचे. कामावर यायच्या आधी चहा नाही, बिडी नाही, कांदा तर आदल्या दुपारपासून वर्ज्य. तोंड नुसत्या पाण्याने धुवायचे, कारण साबणाचा वास दुपारपर्यंत नाकात बसतो म्हणे. एकदा मी मोगऱ्याचा गजरा माळून डॉकवर गेले, तर लांबूनच ओरडले, "बाई, म्हागं सरा! म्हागं! दुधाला काय लग्नाला न्यायचं हाय व्हय?"

कधी कधी मला बोलावून झाकण पुढे करायचे. "हुंगा. ह्ये आमच्याकडचं. ओलं गवात आन भाताचं पिंजार." मग दुसरं झाकण. "ह्ये नदीकाठचं. म्हशीनं उसाचं हिरवं वाडं खाल्लंय." मग तिसरं, कुरुंदवाडकडचं. "ही म्हस सकाळी नदीत बसून आलीया की." मला सगळ्या झाकणांना फक्त दुधाचाच वास यायचा. तरी मी मान हलवायचे.

एका सकाळी झाकण पुसता पुसता ते सहज बोलून गेले, "माझ्या बापाच्या हातचं पाणी गावात कोण घेत न्हवतं, बाई. मी धा वर्साचा असताना बापानं धर्म बदलला, आमी बुद्धाचं झालो. पाणी तरीबी कुणी घेतलं न्हाईच. आन आता बगा. अख्ख्या भागाचं दूध माझ्या नाकाखालनं जातंय. मी न्हाय म्हटलं की पाटलाचाबी कॅन म्हागारी जातोय." त्यात फुशारकी नव्हती. पाऊस पडला, असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. पण त्या झाकणात त्यांचं काय आहे ते मला त्या दिवशी कळलं.

फुलीचा खडू मी पुरवायचे. ॲल्युमिनियमवर पांढरा खडू दिसत नाही. माझे वडील फळ्यावर नकाशे काढायला स्वतःचे रंगीत खडू बाळगायचे, त्यातला नद्यांचा निळा खडू ओल्या धातूवरही उठून दिसायचा. महिन्याला मी चार-पाच खडू रुमालात बांधून न्यायचे. वडील विचारायचे, एवढ्या नद्या कुठे वाहतात गं तुमच्या संघात?

आता आमच्या चेअरमनांबद्दल. सहा फूट उंच, आवाज तालमीतला, मन मोठं. पत्रकारांबद्दल त्यांचं धोरण एका म्हणीत मावायचं: झाकली मूठ सव्वा लाखाची. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचं आणि त्याआधी सत्कार करायचा. सत्कारावर त्यांची श्रद्धाच होती. संघात कुणीही पाऊल टाको, बँकेचा साहेब असो नाहीतर कॅनचा रबर विकणारा, "पावणं आलं की!" अशी आरोळी द्यायची आणि शाल, नारळ बाहेर काढायचा. यासाठी स्टोअरमध्ये एक कपाट राखून ठेवलेलं होतं. दुसरा नियम असा की दूध संघात पाहुण्याला चहा द्यायचा नाही. आपल्या घरचंच द्यायचं, म्हणजे केशर-वेलचीचं थंड सुगंधी दूध, बाटलीतून, नळी घालून. या सगळ्याची एक टाइप केलेली यादी माझ्या खणात असायची. कार्यक्रम कुठलाही असो, यादी तीच.

संघाचा वर्धापनदिन जवळ आला तेव्हा मी एक कल्पना काढली. हो, माझीच. नदीकाठच्या एका गावातल्या शाळेत प्रत्येक मुलाला सुगंधी दुधाची बाटली द्यायची आणि मुलांचा फोटो वर्तमानपत्रांना पाठवायचा. चेअरमनांनी टेबलावर थाप मारली. "म्याडम, ह्याला म्हणत्यात डोकं!"

बाटल्या भरायच्या दिवशी एक ट्रक वाटेत बंद पडला आणि एका संचालकाच्या गावचे कॅन उन्हात राहिले. ते डॉकवर पोचले तेव्हा दहा वाजून गेले होते. मी खिडकीशी बसून फोटोखालची ओळ आधीच टाइप करत होते: ‘सुगंधी दुधाचा आस्वाद घेताना आनंदित झालेले बालगोपाळ.’ मान वर केली तर मामांनी ओळीने आठ कॅनवर फुल्या मारल्या होत्या. तेवढ्यात व्यवस्थापक आले. त्यांना बहुतेक फोन आलेला होता. "संचालकांच्या गावचं दूध म्हागारी धाडायचं? वर्धापनदिनाला? तापवल्यावर काय होतंय त्याला!" मामा म्हणाले, "न्हाय सायेब. ह्ये फिरलंय." व्यवस्थापकांनी फडकं मागवलं, ओलं केलं आणि स्वतःच्या हाताने एकेक फुली पुसून टाकली. निळं पाणी कॅनवरून ओघळत खाली आलं. मामा दोन्ही हात बाजूला सोडून उभे होते. मी हे सगळं पाहिलं, आणि पुन्हा टाइप करायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत बाटल्या वाटल्या आणि दुपारी मुलं उलट्या करायला लागली. वर्गच्या वर्ग सरकारी दवाखान्यात न्यावे लागले. कुणाच्या जिवावर बेतलं नाही, त्याच्या पुढच्या संध्याकाळपर्यंत सगळी पोरं घरी गेली, हे मी आधीच सांगून टाकते. त्या दोन दिवसांतलं बरंचसं मला स्वप्नातल्यासारखं आठवतं. फोनची घंटा वाजतेय आणि मी रिसीव्हर उचलला तरी ती वाजतेच आहे. मी बोलतेय, पण आवाज शेजारच्या खोलीतून येतोय.

सकाळी सगळ्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर आम्ही होतो. इतके दिवस मी चार ओळींसाठी झगडत होते. चेअरमन म्हणाले, "चार वाजता बोलवा समद्यास्नी. पत्रकार परिषद घ्यायची. व्यवस्था चोख ठेवा."

मी खणातून यादी काढली आणि स्टोअरमध्ये धाडून दिली. हात आपोआप चालतो, डोकं कुठेतरी असतं, तसं झालं. चार वाजता मी सभागृहात पाऊल टाकलं आणि जागीच थिजले. टेबलावर पांढरी चादर. एका बाजूला शालींची चळत, नारळांची रास. आणि प्रत्येक बातमीदारासमोर, नळी घालून, थंडगार सुगंधी दुधाची एकेक बाटली.

कुणीही बाटलीला हात लावला नाही. दहा-बारा माणसं खुर्च्यांवर ताठ बसून आपापल्या बाटलीकडे बघत होती. बाटल्यांना घाम फुटला होता, थेंब चादरीवर उतरत होते, पंखा फिरत होता, आणि वेळ जणू कुणीतरी तिथेच दाबून धरला होता. मला वाटलं, आपण असेच बसून राहू, संध्याकाळ होईल, दिवे लागतील, बाटल्या तशाच. तेवढ्यात चेअरमन आत आले, पाहुणे बघून सवयीने खुलले आणि म्हणाले, "सुरुवातीला आपल्या पत्रकार बंधूंचा सत्कार!" पहिल्या खुर्चीवर शहरातले सगळ्यात ज्येष्ठ बातमीदार होते. त्यांना काय होतंय ते कळायच्या आत शाल खांद्यावर पडली, हातात नारळ आला आणि फोटो निघाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असणार! मागून कुणीतरी म्हणालं, "दूध घ्या की वो, लाजू नगा." सगळे हसले. चेअरमनांचा चेहरा पडला. मग त्यांनी समोरची बाटली उचलली, नळी काढून फेकली आणि उभ्या उभ्या, एका दमात, सगळी रिकामी केली. मला त्या क्षणी त्यांची दया आली आणि जमिनीने मला पोटात घ्यावं असंही वाटलं.

ज्येष्ठ बातमीदारांनी शाल घडी करून टेबलावर ठेवली. "साहेब, एकच सांगा. जबाबदार कोण?"

"संध्याकाळी कळवतो," चेअरमन म्हणाले.

पाच वाजता त्यांनी मला खोलीत बोलावलं. व्यवस्थापक तिथेच होते, जमिनीकडे बघत. चेअरमन खिडकीबाहेर बघत म्हणाले, "म्याडम, उद्याच्याला ह्यो सत्काराचा फोटो येणार. त्याच्या वर काहीतरी मोठं द्याया पायजे. लिवा: दूध तपासणाऱ्या माणसाची चूक झाली. त्येला निलंबित केला." थोडं थांबून मऊ आवाजात म्हणाले, "नाव घालू नगा बिचाऱ्याचं. पोराबाळांचा मानूस हाय."

मी म्हणाले, "साहेब, मामांनी फुल्या मारल्या होत्या."

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "संचालकाचं नाव घालू? उद्या संघच फुटतोय. तुमची नोकरीबी तिथंच हाय की."

चोर सोडून संन्याशाला फाशी, हे मला तेव्हाही कळत होतं. मी रडले नाही, राजीनामा दिला नाही, दार आपटलं नाही. यंत्रावर कागद चढवला, तीन कार्बन घातले आणि लिहिलं: ‘कच्च्या दुधाची तपासणी करणाऱ्या संबंधित कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे सदर दुर्दैवी प्रकार घडल्याचे प्राथमिक चौकशीत निष्पन्न झाले असून, त्यास तत्काळ निलंबित करण्यात आले आहे. झाल्या प्रकाराबद्दल संघ मनःपूर्वक खेद व्यक्त करीत आहे.’ आधी ‘चुकीमुळे’ लिहिलं होतं. ते खोडून मी ‘हलगर्जीपणामुळे’ केलं, कारण वाक्याला वजन आलं. ते वाक्य मला आवडलं होतं. इतक्या वर्षांनी सगळ्यात जास्त लाज मला याचीच वाटते.

बातमी शब्दशः छापून आली. सत्काराचा फोटो आतल्या पानावर गेला. चेअरमनांनी माझी पाठ थोपटली.

त्या सकाळी डॉकवर मामा नव्हते. त्यांच्या जागी प्रयोगशाळेतला एकजण झाकणं उचलून उगाच नाक फेंदारत होता. आठच्या सुमाराला माझ्या खिडकीवर टकटक झाली. बाहेर मामा, हातात पिशवी, अंगात धुतलेला सदरा. त्यांच्याभोवती वाफ होती आणि क्षणभर मला वाटलं मी झोपेतच आहे. त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर एक कागदाची पुडी ठेवली. "ह्ये तुमचं ऱ्हायलंय." आत अडीच निळे खडू होते. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांची आयुष्यभर ऋणी राहिले असते. ते महामार्गाकडे चालत गेले आणि धुक्याने त्यांना आधी पायाकडून, मग डोक्याकडून पुसून टाकलं.

दीड वर्षाने मी नोकरी सोडली. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, संघ बंद पडला, चेअरमन गेले. नवं शतक लागलं. बातम्यांना कॅमेरे आले, पत्रकार परिषदेच्या टेबलावर माइकचं झुडूप उगवायला लागलं. आणि मी, हसू नका, शहरातल्या एका महाविद्यालयात जनसंपर्काचा वर्ग घ्यायला लागले. संकटकाळात माध्यमांना कसं सामोरं जावं, हा माझा हातखंडा विषय. फळ्यावर लिहायचे: खरं सांगा, लवकर सांगा, स्वतः सांगा. मुलं वहीत उतरवून घ्यायची. सत्काराचा किस्सा मी दरवर्षी रंगवून सांगायचे, वर्ग हसून लोळायचा. संध्याकाळच्या प्रेसनोटचा किस्सा मी कधीच सांगितला नाही.

अशाच एका दुपारी घराच्या दारात मामा उभे. केस पांढरे, पाठ तशीच ताठ. कॉलेजात जाऊन पत्ता विचारून आले होते. मी त्यांना बसवलं, घाईघाईने चहा केला. त्यांनी कप उचलला, नाकाशी नेला. अर्धा श्वास.

"दूध काल सकाळचं हाय," ते म्हणाले. "फिजमधलं."

"मामा, थांबा, मी ताजं आणते."

"ऱ्हाऊ द्या की. चालतंय." आणि ते सगळा चहा प्याले.

मग त्यांनी कामाचं सांगितलं. गावात नवी दूध संस्था निघाली होती. डॉक वगैरे नाही, एक पत्र्याची खोली. दूध हुंगून घ्यायला माणूस पाहिजे होता. मामांनी विचारलं होतं, मी उभा राहतो, फुकट राहतो. सचिवाने कपाटातून जुनं कात्रण काढून दाखवलं होतं. माझं वाक्य. इतकी वर्षं त्याने ते जपून ठेवलं होतं.

"पण त्यात तुमचं नाव नव्हतं," मी म्हणाले. कुठून ही बुद्धी झाली देव जाणे.

मामांनी रिकामा कप बाजूला सरकवला. "नाव घातलं असतं तर मी एकटा गेलो असतो, बाई. नाव न्हवतं, मग लोकांनी जात वाचली. त्यांच्यातला मानूस दुधाला लावला की असंच व्हनार, म्हनाया लागली. आमच्या वस्तीतल्या बायांचं दूध चार म्हैनं कुणी घेतलं न्हाई. रोज सांजसकाळ वतून द्यायच्या."

चेअरमनांनी दया म्हणून नाव गाळलं होतं आणि मीही मनात म्हटलं होतं, चला, निदान नाव तरी नाही. त्या दोन शब्दांवर, ‘संबंधित कर्मचारी’, मी इतकी वर्षं शांत झोपले होते. मी त्यांच्यासमोरच रडायला लागले. मी डोळे पुसल्यावर ते म्हणाले, "तुमी खिडकीतनं बघितलं हुतं. मला दिसलं हुतं तुमी बघत हुता ते. तेवढं लिवून द्या."

मी कागद घेतला. त्या सकाळी काय पाहिलं ते सगळं लिहिलं. आठ कॅन, आठ फुल्या, ओलं फडकं. वाचून दाखवलं. मामा म्हणाले, "खाली नाव घाला."

"तुमचं सुरुवातीला घातलंय, मामा."

"माझं न्हवं. तुमचं."

मी सही केली.

आठवड्याने त्यांचा फोन आला, गावातल्या कुणाच्या तरी दुकानातून. "त्ये हातानं लिवल्यालं चालत न्हाई म्हनतोय सचिव. कात्रण छापल्यालं हाय, म्हनतोय. त्येला उत्तरबी छापल्यालंच पायजे."

मी वर्तमानपत्राच्या कचेरीत गेले. जिथे कधीकाळी कार्बनची फिकी प्रत ठेवून यायचे, तिथे आता संगणक होते आणि माझ्या विद्यार्थ्याच्या वयाचा उपसंपादक. तो नम्र होता. "मॅडम, दहा-बारा वर्षांपूर्वीचा खुलासा आता कसा छापायचा? वाचकाला संदर्भच नाही." बरोबर होतं त्याचं. मीच वर्गात शिकवत होते की बातमीचं आयुष्य एक दिवसाचं. मी जिना उतरून खाली जाहिरातींच्या खिडकीशी गेले आणि ‘जाहीर खुलासा’ असा मथळा टाकून मजकूर दिला. खिडकीतल्या माणसाने वाचला, पुन्हा वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "कुणाच्या नावाने?" मी माझं नाव सांगितलं, माहेरचं आणि सासरचं, दोन्ही.

रविवारी खुलासा छापून आला. हरवलेल्या कागदपत्रांची सूचना वर, नाव बदलल्याची सूचना खाली, आणि मधे बोटभर चौकटीत मामांचं पूर्ण नाव, त्यांच्या आठ फुल्या, त्या पुसल्या जाताना मी पाहिल्याची आणि खोटं मी लिहिल्याची कबुली. सगळ्यात खाली माझं नाव. वर्तमानपत्रात माझं नाव पहिल्यांदाच छापून आलं ते असं. दोघा-तिघांचे फोन आले, एका जुन्या बातमीदाराने विचारलं, आता कशाला उकरून काढलंत? मामांचा फोन मात्र आला नाही. त्या दुकानात फोन करायचा धीर मलाही झाला नाही.

त्या हिवाळ्यात मी शाहूवाडीला गेले. बोलावलं कुणी नव्हतं. एका ओळखीच्याकडे मुक्काम करून पहाटे त्यांच्या गावी पोचले. डोंगरावर धुकं इतकं दाट होतं की रस्ता पायाखाली हळूहळू तयार होतोय असं वाटत होतं. भातखाचरं दिसत नव्हती, नुसता ओल्या पिंजाराचा वास येत होता, आणि तेव्हा मला एकदम कळलं की हा वास मी ओळखते. ‘ह्ये आमच्याकडचं.’ पत्र्याच्या खोलीसमोर माणसं आणि बाया किटल्या, लहान कॅन घेऊन रांगेत उभ्या होत्या. आत पिवळा दिवा होता. दिव्याखाली एक हात वर गेला, नाकाशी, खाली.

मी दाराशी उभी राहिले. नारळ आणला नव्हता, शाल आणली नव्हती. पर्समध्ये निळ्या खडूंची एक पेटी होती, वडील गेल्यावर त्यांच्या कपाटात सापडलेली. मामांनी मला बघितलं, पेटी घेतली, उघडली, एक खडू बोटांत फिरवून पाहिला. "बसा," म्हणाले. "रांग सरू द्या."

रांगेत वस्तीतल्या बाया होत्या, गावातल्या होत्या, मधेच कुणाचा तरी कॅन घेऊन आलेला गडी. एक मध्यमवयीन माणूस इस्त्रीचे कपडे घालून पुढे आला आणि त्याने स्वतःच्या घरचा कॅन टेबलावर ठेवला. शेजारची बाई माझ्या कानात म्हणाली, सचिव हाय त्यो. मामांनी झाकण उचललं. अर्धा श्वास. मग पुन्हा एकदा, सावकाश.

"न्हाय," ते म्हणाले, आणि वडिलांच्या निळ्या खडूने कॅनवर फुली मारली.

सचिवाने फुलीकडे बघितलं, मग मामांकडे, मग का कोण जाणे माझ्याकडे. टेबलाच्या कोपऱ्यावर एक ओलं फडकं पडलेलं होतं. मी त्या फडक्याकडे बघत राहिले. सचिवाचा हात पुढे आला, फडक्याच्या वरून गेला आणि त्याने कॅनची कडी धरली. "काल रातचं ह्यात मिसळलं असंल घरात," तो पुटपुटला, आणि कॅन उचलून धुक्यातून घराकडे चालायला लागला. फुली तशीच होती.